स्पॅनिश-इंग्रजी वर्गात दोन भाषांची गाठ कशी घालून द्यावी

इंग्रजीच्या वहीत एखाद्या मुलीने 'आय हॅव एट इयर्स' असं लिहिलं, की नव्या शिक्षिकेचा हात आपसूक लाल पेनकडे जातो. दुरुस्ती होते, मुलगी मान डोलावते आणि पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा हजर. स्पॅनिशमध्ये वय आपल्यापाशी असतं: 'तेन्गो ओचो आन्योस', शब्दशः 'माझ्यापाशी आठ वर्षं आहेत'. मुलीने व्याकरण बरोबर वापरलंय, भाषा तेवढी दुसरी आहे. खोडून ते जात नाही. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून 'काय वेगळं दिसतं?' असं विचारलं, की पाच मिनिटांत तिचा तिलाच फरक सापडतो.

ती पाच मिनिटं रोजच्या कामात कशी बसवायची, ते इथे सांगितलं आहे. अमेरिकेतल्या दुभाषिक, म्हणजे विषय स्पॅनिश आणि इंग्रजीत वाटून शिकवणाऱ्या, प्राथमिक शाळेत नव्याने शिकवायला लागलेल्या, मदतनीस म्हणून जाणाऱ्या किंवा स्वतःचं मूल अशा वर्गात घातलेल्या मराठी वाचकासाठी. अशा शाळेत मराठी शिक्षिका बहुधा इंग्रजी बाजू सांभाळणार, स्पॅनिश जेमतेम येत असणार, हे धरून चाललो आहोत.

एक सोय आधीच सांगून ठेवतो. खाली स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत आणि स्पेलिंगचा प्रश्न येईल तिथे अक्षरांची नावं. वर्गात मात्र सगळं फळ्यावर लिहायचं, नुसतं बोलायचं नाही. का, ते पुढे येईलच.

आधी शाळेची घडी समजून घ्या

मायामीतल्या कोरल वे शाळेत १९६३ साली, क्यूबाहून आलेली कुटुंबं शहरात वाढत असताना, असे वर्ग सुरू झाले. आज दोन घड्या सर्रास दिसतात. नव्वद-दहा म्हणजे केजीत दिवसाचा नव्वद टक्के वेळ स्पॅनिश, मग दरवर्षी इंग्रजी थोडी थोडी वाढवत चौथी-पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं. पन्नास-पन्नास म्हणजे पहिल्या दिवसापासून वाटणी सारखी. काही वर्गांत निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी आणि निम्मी इंग्रजी बोलणारी असतात, काहींत जवळपास सगळी एकाच बाजूची. रुजू होताच तीन गोष्टी विचारून घ्या: कोणता विषय कोणत्या भाषेत, वाचन आधी कोणत्या भाषेत सुरू होतं, आणि स्पॅनिश बाजूच्या शिक्षिकेबरोबर नियोजनाला आठवड्यातून किती वेळ मिळतो. अर्धा तास तरी मिळायलाच हवा. तो मिळत नसेल तर खालचं निम्मं काम कागदावरच राहील.

भाषा वेगळ्या ठेवण्याचा नियम या शाळांत कडक असतो आणि तो योग्यही आहे. स्पॅनिशच्या तासाला इंग्रजी घुसू दिली की इंग्रजीच जिंकते, कारण रस्ता, टीव्ही, मधली सुट्टी सगळं तिच्या बाजूचं. पण भिंत इतकीही उंच नको, की एका खोलीत शिकलेलं दुसऱ्या खोलीत अनोळखी वाटावं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं, की दोन भाषांच्या तळाशी सामायिक क्षमता असते. एका भाषेत वाचायला शिकलेलं मूल दुसऱ्या भाषेत वाचनाची सुरुवात शून्यापासून करत नाही. मात्र ही ने-आण आपोआप होईल म्हणून हात बांधून बसू नका. बरीच मुलं वर्षानुवर्षं 'ओसेआनो' आणि 'ओशन' रोज वापरतात आणि दोन्ही एकच आहेत हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. कानाला ते शब्द दूरचे वाटतात, कागदावर जवळचे दिसतात. म्हणून लिहायचं.

काय जोडायचं

सुरुवात ध्वनींपासून. स्पॅनिशला पाच स्वर: आ, ए, इ, ओ, उ. ते कुठेही गेले तरी तसेच राहतात. इंग्रजीत तीच पाच अक्षरं डझनभर आवाज काढतात. शिवाय स्पॅनिशमध्ये वाचन अक्षरसमूहांवर चालतं: मा, मे, मि, मो, मु. आपल्याला हे सांगायला नको, बाराखडीच ती. 'मि मामा मे मिमा', म्हणजे 'माझी आई माझे लाड करते', हे तिकडचं 'छगन कमळ बघ'. म्हणून स्पॅनिशमधून वाचायला शिकलेलं मूल इंग्रजी शब्दही आधी तसाच फोडतं. त्याला सांगायची पहिली गोष्ट एवढीच: व्यंजनांवर भरवसा ठेव, स्वरांवर लगेच ठेवू नकोस. म, न, फ, ल, स, प, क, च हे दोन्हीकडे सारखे चालतात. यांच्यावर इंग्रजीच्या तासात आठवडे घालवू नका.

वेळ द्यायचा तो जे जुळत नाही त्यावर. 'शिप' आणि 'शीप' स्पॅनिश कानाला एकच. 'चेअर' आणि 'शेअर' गोंधळतात. बी आणि व्ही यांचा स्पॅनिशमध्ये एकच उच्चार. शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं आली की दुसरं गळतं, 'टेस्ट'चं 'टेस' होतं. आणि एस नंतर लगेच व्यंजन आलं, तर स्पॅनिश जीभ आधी 'ए' लावते: 'एस्क्वेला', 'एस्तुदिआन्ते', 'एस्पेसिआल'. म्हणून 'एस्कूल', 'एस्टुडंट'. आपल्याकडे 'इस्टेशन' म्हणतात तसंच हे. याला उच्चारदोष म्हणून तज्ज्ञाकडे पाठवू नका. या तिन्ही शब्दांच्या जोड्या फळ्यावर लिहा आणि स्पॅनिशमधल्या पहिल्या ई भोवती गोल काढायला सांगा. नियम मुलंच बोलतील.

मराठी शिक्षिकेला इथे एक फायदा आणि एक तोटा. स्पॅनिशचे टी आणि डी दातांवरचे, म्हणजे आपले त आणि द, आणि प, त, क हवा न सोडता म्हणायचे. ते आपल्याला फुकट मिळतं. इंग्रजीचे टी-डी मात्र आपण ट-ड करतो आणि मुलं ते उचलतात, तेव्हा इंग्रजीचा नमुना उच्चार ध्वनिमुद्रणातून किंवा सहशिक्षिकेकडून ऐकवा.

आता शब्द. इथे खरी खाण आहे. इंग्रजीच्या साधारण एक तृतीयांश शब्दांना स्पॅनिशमध्ये सगोत्र शब्द आहेत असं मानलं जातं. वर्गात त्यांना कॉग्नेट म्हणतात. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा शेपट्या शिकवा, एका शेपटीत शेकडो शब्द येतात. इंग्रजीत टी-आय-ओ-एन असेल तिथे स्पॅनिशमध्ये सी-आय-ओ-एन, आणि ओ वर छोटी तिरकी रेघ, तिला स्पॅनिशमध्ये तिल्दे म्हणतात. 'नेशन'चं 'नासिओन'. इंग्रजीच्या टी-वाय जागी 'दाद': 'कम्युनिटी', 'कोमुनिदाद'. एल-वाय जागी 'मेन्ते': 'रॅपिडली', 'रापिदामेन्ते'. पी-एच जागी नुसता एफ, टी-एच जागी नुसता टी: 'फोतो', 'तेआत्रो'. एकच व्यंजन लागोपाठ दोनदा लिहिणं स्पॅनिश टाळते. सी, आर, एल, एन एवढीच दुहेरी येतात, आणि ती लक्षात ठेवायला मुलांना 'कारोलिना' हा शब्द देतात, त्यात ही चारही व्यंजनं आहेत. म्हणून 'पॉसिबल'मधले दोन एस 'पोसिब्ले'त एकच उरतात.

पहिल्या शेपटीशी जरा थांबा, कारण मुलं तिथेच अडवतात. 'ॲक्शन'ला स्पॅनिशमध्ये दोन सी का? कारण एक सी मुळातला, दुसरा शेपटीतला. 'आक+सिओन'. नियम मोडलेला नाही. 'क्वेश्चन' आणि 'डायजेशन' या शब्दांत शेपटीआधी एस आहे, म्हणून स्पॅनिशमध्येही टी तसाच राहतो: 'क्वेस्तिओन', 'दिखेस्तिओन'. 'टेलिव्हिजन'सारख्या एस-आय-ओ-एनला स्पॅनिशही एसच ठेवते. अनेकवचन झालं की तिल्दे गळते, 'आक्सिओन' पण 'आक्सिओनेस', दुसऱ्यावर रेघ नाही. तिथेही रेघ देण्याची चूक पाचवीपर्यंत पुरते. आणि शेपटी लावून शब्द कारखान्यात काढता येत नाहीत: 'ट्रान्सलेशन'ला 'त्रादुक्सिओन' म्हणतात, 'एक्स्प्लनेशन'ला 'एक्स्प्लिकासिओन'. शंका आली की रेआल आकादेमिया एस्पान्योला या संस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे, त्यात पाहा. मनाने शब्द बनवू नका. वर्गातल्या स्पॅनिशभाषक मुलाला विचारणं त्याहून चांगलं.

इथली सगळ्यात मोलाची जोडणी बहुतेक नवे शिक्षक चुकवतात, कारण ते फक्त दिसायला सारखे शब्द शोधतात. इंग्रजीत रोजचे शब्द जर्मन घराण्याचे आणि पुस्तकी शब्द लॅटिनचे, काही थेट, तर काही १०६६ नंतर फ्रेंचमधून आलेले. हात म्हणजे 'हँड', पण हाताने केलेलं ते 'मॅन्युअल'. मराठीत 'हात' रोजचा आणि 'हस्तलिखित' पोथीतला, तसंच. स्पॅनिश ही तर लॅटिनचीच लेक, तिचा स्वयंपाकघरातला शब्दच इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात दडलेला असतो. 'मानो' हात, म्हणून 'मॅन्युअल'. 'सोल' सूर्य, 'सोलर'. 'लुना' चंद्र, 'लुनार'. 'दिएन्ते' दात, 'डेंटिस्ट'. 'आर्बोल' झाड, 'आर्बोरिअल'. 'फासिल' सोपं, 'फॅसिलिटेट'. ज्या मुलाला 'अजून इंग्रजी येत नाही' म्हणून मागे बसवलेलं असतं, त्याला चौथीच्या विज्ञानातला 'ॲक्वॅटिक' हा शब्द घरच्या 'आग्वा'मुळे उमगतो आणि शेजारी बसलेला इंग्रजीभाषक मुलगा त्याला विचारतो. असे दहा शब्द दर महिन्याला भिंतीवर लागले तरी पुष्कळ.

व्याकरणात कमी जोडण्या पुरतात: वय आणि भूक ('तेन्गो आम्ब्रे', इंग्रजीत 'आय ॲम हंग्री', आपली भूक तर 'लागते'), विशेषणाची जागा ('ला कासा ब्लान्का' पण 'द व्हाइट हाउस'), विशेषणाला अनेकवचन न लावणं (नाहीतर 'द बिग्ज डॉग्ज'), मालकी ('एल लिब्रो दे आना' पण 'ॲनाज बुक') आणि दुहेरी नकार ('नो तेन्गो नादा' हे स्पॅनिशमध्ये बरोबर). लेखनचिन्हांत वार, महिने आणि भाषांची नावं स्पॅनिशमध्ये लहान अक्षराने. प्रश्नचिन्ह सुरुवातीलाही, उलटं, कारण पुष्कळदा प्रश्नात शब्दक्रम बदलत नाही आणि वाचणाऱ्याला आधी कळायला हवं. आणि एन्ये, म्हणजे डोक्यावर लाट असलेला एन, या अक्षरावरची ती लाट विसरली, की 'आन्यो' म्हणजे वर्ष राहत नाही, शरीराच्या भलत्याच भागाचं नाव होतं. पाचवीतली मुलं हे एकदा ऐकल्यावर कधी विसरत नाहीत.

गणितात एकच खड्डा, पण खोल. इंग्रजी 'बिलियन' म्हणजे एकावर नऊ शून्यं, स्पॅनिश 'बिल्योन' म्हणजे एकावर बारा. अमेरिकी 'बिलियन'ला स्पॅनिशमध्ये 'मिल मिल्योनेस' म्हणायचं. मोठ्या संख्या चौथीत येतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

जोडणीचा तास

बऱ्याच शाळांत याला पूल म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'पुएन्ते'. तो घटकाच्या शेवटी बांधायचा, सुरुवातीला नाही. मुलांना कल्पना एका भाषेत पक्की कळली, की मग दुसऱ्या भाषेची नावं द्यायची. आधीच दिली, तर पुढचे दोन आठवडे मुलं सोप्या भाषेची वाट बघत बसतात.

तिसरीचा जलचक्राचा घटक घ्या, स्पॅनिशमध्ये शिकवून झालेला. पुलाला ४५ मिनिटं लागतात. लागणारं सामान: मोठा कागद, दोन रंगांचे मार्कर (कोणता रंग कोणत्या भाषेचा हे शाळाभर एकच ठरवा आणि केजीपासून पाचवीपर्यंत बदलू नका), मुलांनी काढलेली चित्रं, चिकटपट्टी.

१. आदल्या दिवशी सहशिक्षिकेबरोबर ८ ते १० शब्द निवडा. निवडीचा निकष हा की या शब्दांशिवाय मुलाला विषय समजावून सांगता येणार नाही. इथे: सिक्लो, आग्वा, कालोर, बापोर, नुबे, युबिआ, एबापोरासिओन, कोन्देन्सासिओन, प्रेसिपितासिओन, आकुमुलासिओन. पंधरा घेतले की तास शब्दार्थांच्या यादीत बुडतो.

२. पहिली १० मिनिटं फक्त स्पॅनिश. मुलं जोडीने चित्र बघून प्रक्रिया सांगतात, शिक्षिका त्यांच्या तोंडून आलेले शब्द कागदाच्या डाव्या बाजूला लिहिते. कोणी शब्द विसरलं तर वर्ग आठवतो, शिक्षिका नाही.

३. पुढची ५ मिनिटं प्रत्येक शब्दाला हावभाव. बाष्पीभवनाला बोटं वर, पावसाला खाली. आवाज नाही. हे पोरकट वाटतं म्हणून वगळू नका, पुढच्या पायरीत भाषांतराऐवजी अर्थाला धरून शब्द येतो तो यामुळेच.

४. आता शिक्षिका हावभाव करते आणि मुलं इंग्रजी शब्द सुचवतात. तो दुसऱ्या रंगाने उजवीकडे. कोणालाच येत नसेल तेव्हाच तुम्ही सांगा. १० मिनिटं.

५. उरलेली २० मिनिटं निरीक्षणाची, आणि बहुतेक ठिकाणी घाईत कापला जातो तो हाच भाग. जोडीने कागदाजवळ यायचं, सारख्या भागाखाली रेघ, वेगळ्या भागाभोवती गोल. एका तासात एकच गोष्ट. इथे ती शेपटी. चार जोड्या ओळीत दिसताच कोणीतरी म्हणतंच, की इंग्रजीत टी तिथे स्पॅनिशमध्ये सी. त्या मुलाचं वाक्य जसंच्या तसं कागदाच्या तळाशी लिहा, तुमच्या व्याकरणाच्या भाषेत नको. दुसरं कोणी 'आकुमुलासिओन'मध्ये एकच सी आणि इंग्रजीत दोन आहेत हे दाखवेल. शाबासकी द्या, पुढच्या वेळेसाठी कोपऱ्यात टिपून ठेवा, आज त्यात शिरू नका. 'आग्वा-वॉटर', 'युबिआ-रेन' जुळत नाहीत हेही मुलांना म्हणू द्या. न जुळणं हीसुद्धा नोंद आहे.

कागद भिंतीवर राहिला पाहिजे, मुलांच्या उंचीवर. आधीच छापून आणलेला सुबक तक्ता दिसायला छान, पण मुलं त्याच्याकडे बघत नाहीत.

पूल तिथे संपत नाही. पुढचे दोन-तीन दिवस त्याच विषयावर इंग्रजीत नवं काम हवं, स्पॅनिशचा धडा पुन्हा इंग्रजीत नको. झिपच्या पारदर्शक पिशवीत पाव कप, म्हणजे सुमारे ६० मिलिलीटर पाणी, निळ्या रंगाचा एक थेंब, पिशवी घट्ट बंद करून उन्हाच्या खिडकीला चिकटवा. थेंब जमतील तसे मुलांनी पिशवीवरच पक्क्या शाईने इंग्रजी नावं लिहायची आणि काय घडलं ते तीन वाक्यांत सांगायचं. शब्द कालचे, काम आजचं.

आठवड्याचं श्रुतलेखन

शब्दांना पूल पुरतो. लेखनचिन्हं, वाक्यरचना, तिल्दे यांना रोजचा घासूनपुसून सराव लागतो आणि त्यासाठी जुनं श्रुतलेखन उत्तम. पहिलीला दोन वाक्यं, तिसरीला चार-पाच. मजकूर मुलांच्या वह्यांतल्या चुका बघून तुम्ही लिहायचा. तोच मजकूर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. प्रत्येक वेळी १५ ते २० मिनिटं: सावकाश वाचा, मुलं एक ओळ सोडून लिहितात, मग शिक्षिका बरोबर मजकूर फळ्यावर मोठ्याने विचार करत लिहिते आणि मुलं वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने आपलं आपण दुरुस्त करतात. रबर बंद. एक आठवडा स्पॅनिश, दुसरा इंग्रजी, आणि दोन्हींत जोडी साधणारी वाक्यं. 'एल लुनेस फुइमोस आ ला एस्क्वेला' आणि 'ऑन मंडे वी वेंट टू स्कूल' घेतली, तर लहान-मोठं अक्षर, 'एल'ऐवजी 'ऑन' आणि एस आधीचा ई, तिन्ही एका फटक्यात येतात. गुण देऊ नका. गुण आले की मुलं शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात आणि चूक दिसेनाशी होते.

फसवे शब्द

काही शब्द दिसायला इंग्रजीसारखे, पण अर्थ भलताच. 'एम्बारासादा' म्हणजे गरोदर, लाजलेली नव्हे. 'एक्सितो' यश, 'रोपा' कपडे, 'सोपा' सूप, 'कार्पेता' फाइल, 'लिब्रेरिआ' पुस्तकांचं दुकान (ग्रंथालय ते 'बिब्लिओतेका'), 'आसिस्तिर' हजर राहणं, 'लार्गो' लांब. हिंदीतली 'शिक्षा' आणि मराठीतली 'शिक्षा' यांचा अनुभव असलेल्याला हे सांगावं लागत नाही. 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, पण स्पॅनिशमध्ये 'बाताता' मागितलात तर रताळं मिळेल. बटाटा लॅटिन अमेरिकेत 'पापा', आणि शेवटच्या ए वर तिल्दे दिली की बाबा.

फसव्या शब्दांचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीला लावू नका. मुलांना आधी खऱ्या जोड्यांची सवय होऊ द्या, निदान तीसेक शब्द. नाहीतर ती प्रत्येक जोडीकडे संशयाने बघतात आणि अंदाज बांधणंच सोडतात. फसवा शब्द वाचनात समोर आला की त्या दिवशी लिहायचा.

हमखास बिघडतं ते

प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत सांगणं. नव्या शिक्षिकेला हे दयाळूपणाचं वाटतं. दोन दिवसांत मुलं ओळखतात, की थांबलं की आपली भाषा येते, आणि दुसऱ्या भाषेच्या वेळी कान मिटतात. समजत नसेल तर चित्र, वस्तू, हावभाव, सोपं वाक्य वापरा.

पूल नेहमी स्पॅनिशकडून इंग्रजीकडे बांधणं. मग स्पॅनिश ही नुसती शिडी होते आणि मुलं ते न सांगता ओळखतात. इंग्रजीत शिकवलेल्या घटकाचा पूल स्पॅनिशकडे जायला हवा. इंग्रजी बाजूच्या शिक्षिकेचं हे खास काम.

इंग्रजीची पद्धत स्पॅनिशवर लादणं. इंग्रजीत वाचन शिकवताना 'द', 'सेड', 'वॉज' असे शब्द नजरेने पाठ करून घेतात, कारण ते फोडून वाचता येत नाहीत. स्पॅनिश लिहिली तशी वाचता येते, तिथे अशी यादी म्हणजे वेळेची उधळण. आठवड्याला एक अक्षर हेही तसंच. स्पॅनिशमध्ये आधी स्वर, मग अक्षरसमूह.

घरची स्पॅनिश दुरुस्त करणं. टेक्सासमध्ये मुलं ट्रकला 'त्रोका' आणि दुपारच्या जेवणाला 'लोन्चे' म्हणतात. बसला मेक्सिकोत 'कामिओन', क्यूबात 'ग्वाग्वा', आणि चिलीत 'ग्वाग्वा' म्हणजे तान्हं बाळ. खोडू नका, शेजारी 'आल्मुएर्सो' लिहा आणि कुठे कोणता शब्द चालतो ते विचारा. वऱ्हाडी मुलाची बोली पुणेरी करण्याच्या नादात त्याचं बोलणंच कसं बंद होतं, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे.

वही वाचताना

दर सहा-आठ आठवड्यांनी, एकाच आठवड्यात लिहिलेले दोन कागद घ्या, एक स्पॅनिश, एक इंग्रजी, विषय जवळचा पण तोच नको. शेजारी शेजारी ठेवूनच वाचा. आधी आशय बघा: गोष्टीला सुरुवात-शेवट आहे का, कारण दिलंय का. हे एका भाषेत असेल आणि दुसऱ्या भाषेत नसेल, तर मुलाला कल्पना येते, शब्द कमी पडतात. दोन्हीकडे नसेल, तर लेखनच शिकवायचंय, आणि ते कोणत्याही एका भाषेत शिकवलं तरी चालेल.

मग चुकांचे चार ढीग करा. 'हेल्प'ला एच ऐवजी जे, 'माय'ला एम-ए-आय: स्पॅनिशमधून इंग्रजीत. 'कासा'ला के: इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये. मोठं अक्षर, पूर्णविराम विसरणं: दोन्हीकडे. चौथा ढीग लोक विसरतात. 'बाका' बी ने की व्ही ने, 'ओला'चा न उच्चारला जाणारा एच गाळणं, वाय आणि दोन एल यांची अदलाबदल, या चुका मेक्सिकोत फक्त स्पॅनिश बोलणारी मुलंही करतात. त्यांचा इंग्रजीशी संबंध नाही, त्यांना पूल नको, स्पॅनिशच्या तासाला सराव हवा. हा ढीग वेगळा काढला नाही, तर 'दोन भाषांनी मूल गोंधळलं' असा निष्कर्ष निघतो आणि पालकांना घरी स्पॅनिश बंद करायचा सल्ला दिला जातो. तो सल्ला कधीच देऊ नका.

पहिल्या दोन ढिगांत जी चूक निदान पाच-सहा वह्यांत दिसेल तीच निवडा. एकट्या मुलाची असेल तर त्याच्याजवळ दोन मिनिटं बसून सांगा, सगळ्या वर्गाला धरू नका. निवडलेली चूक अर्ध्या तासाच्या बैठकीत सहशिक्षिकेपुढे ठेवा: तिने स्पॅनिश वाक्य लिहायचं, तुम्ही इंग्रजी, आणि सोमवारी श्रुतलेखनाला पहिलं वाक्य तेच.